चिलिकेच्या पाण्यावर शिडाची नाव

हावड्याहून चेन्नईकडे जाणारी आगगाडी खुर्दा रोड स्थानक सोडून दक्षिणेस वळली, म्हणजे काही वेळाने डाव्या बाजूच्या खिडक्यांतून पाणी दिसू लागते. उजवीकडे पूर्व घाटाच्या टेकड्या रुळांच्या जवळ येऊन उभ्या राहतात आणि डावीकडे क्षितिजापर्यंत पाण्यावाचून दुसरे काही दिसत नाही. प्रथमच त्या बाजूने जाणारा मराठी प्रवासी हा समुद्रच आहे असे समजून चालतो. परंतु थोड्याच वेळात त्याला चुकल्यासारखे वाटू लागते. या समुद्राला गाज नाही, काठाशी फेस नाही, आणि किनाऱ्यापासून कितीतरी दूर एखादा मनुष्य कमरेइतक्या पाण्यात उभा राहून जाळे ओढीत असतो. हेच ते चिलिका सरोवर. आपल्या शालेय भूगोलाने त्याचे ‘चिल्का’ करून टाकले आहे. ओडिया मनुष्य मात्र ‘चिलिका’ असाच उच्चार करतो, आणि नाव ज्याचे त्याने सांगावे हे बरे.

आगगाडीच्या खिडकीतून चिलिका दिसते, पण कळत नाही. यंत्राच्या नावेतूनही ती फारशी कळत नाही. कारण यंत्र पाण्याला आणि वाऱ्याला विचारीत नाही. हे सरोवर नदी, समुद्र आणि वारा या तिघांच्या ओढाताणीत जगत आले आहे. शिडाच्या नावेला या तिघांशीही दिवसभर जुळवून घ्यावे लागते. म्हणून एक दिवस शिडाच्या नावेत काढणे हा या सरोवराची ओळख करून घेण्याचा सर्वांत सरळ मार्ग होय. मात्र तो सर्वांत जलद नव्हे.

चिलिका हे भारतातील सर्वांत मोठे खाऱ्या-निमखाऱ्या पाण्याचे सरोवर. केरळात ज्यांना कायल म्हणतात त्यांच्याच जातीचे, म्हणजे समुद्रापासून वाळूच्या लांबट पुळणीने तोडलेले पाणी. त्याची लांबी सुमारे ६४ किलोमीटर आणि रुंदी जास्तीत जास्त २० किलोमीटरांच्या घरात आहे. क्षेत्रफळ मात्र एका आकड्यात सांगता येत नाही. पावसाळ्यात ते १,१६५ चौरस किलोमीटरांपर्यंत पसरते, तर उन्हाळ्यात सुमारे ९०६ वर येते. मुंबई शहर आणि उपनगरे मिळून जेवढी जमीन होते तिच्या दीडपट पाणी ऐन उन्हाळ्यातही येथे शिल्लक असते. आता खोलीचा आकडा ऐकला म्हणजे श्रोत्यांना नवल वाटेल. कोरड्या दिवसांत बहुतेक ठिकाणी एक ते अडीच मीटर, आणि भर पावसाळ्यात फार तर चार मीटरांच्या आसपास. एवढा मोठा विस्तार आणि एवढी कमी खोली! एखाद्या अवाढव्य परातीत बोटभर पाणी ओतावे तसे हे सरोवर आहे. येथील नावेचा घाट, तिची चाल आणि तिच्यावरील संकटे ही सारी या एका गोष्टीतून निघतात.

कोकणातील मचव्याला तळाशी लाकडाचा खोल कणा असतो. तो पाण्यात रुतून राहतो, म्हणून वारा बाजूने आला तरी मचवा आडवा वाहून जात नाही. आणि तिरक्या शिडाच्या साहाय्याने नागमोडी वळणे घेत घेत तो वाऱ्याच्या तोंडावरही चढू शकतो. चिलिकेत असा कणा असलेली नाव जागोजागी चिखलात अडकून बसेल. म्हणून येथील देशी नाव सपाट तळाची आहे. फळ्यांची, लांबट, दोन्ही टोकांस किंचित उचललेली. वीतभर, हातभर पाण्यावरूनही ती निघून जाते. मधोमध एक साधी डोलकाठी आणि तिच्यावर बांबूला बांधलेले चौकोनी शीड. या शिडात किती ठिगळे आहेत हे मोजीत बसणे ही पाहुण्याची करमणूक होऊ शकते. सुकाणूचे काम एका रुंद वल्ह्याने भागते. पण नावेतील खरे महत्त्वाचे हत्यार म्हणजे लांब बांबू. वारा अनुकूल असेल तोवर शीड, वारा पडला किंवा फिरला की बांबू. तळ कोठेही हाताशी असल्यामुळे बांबू रोवून नाव पुढे रेटता येते. खोल पाण्याच्या समुद्रावर ही सोय नाही.

सपाट तळाच्या या नावेची अडचणही उघडच आहे. वारा पाठीमागून किंवा बाजूने असेल तरच ती चालते. तोंडावरचा वारा तिला मानवत नाही. त्यामुळे येथील नावाड्याचा दिवस वाऱ्याने आधीच आखून ठेवलेला असतो. पहाटे कोणत्या दिशेला निघावयाचे, दुपारी कोठे थांबावयाचे आणि परत केव्हा फिरावयाचे हे तो ठरवीत नाही. ते ठरलेले असते. तो फक्त ते ओळखतो.

माघ महिना सरत आला आहे असे धरू. पश्चिम काठावर बालुगाव नावाचे मासळीच्या बाजाराचे गाव आहे. तेथून नाव निघते ती दिवस उजाडण्यापूर्वी. रात्रभर घाटाच्या टेकड्या आणि त्यांच्या पायथ्याची जमीन थंड झालेली असते, सरोवराचे पाणी मात्र त्यामानाने कोमट असते. जमिनीवरची थंड, जड हवा हळूहळू पाण्याकडे सरकू लागते. कोकणच्या किनाऱ्यावर ज्याला मतलई म्हणतात तोच हा वारा. हिवाळ्यात एकंदर हवेचा ओढही उत्तरेकडूनच असतो. दोन्ही मिळून पहाटे नावेला पाठीवर हात ठेवल्यासारखा वारा लाभतो, आणि ती दक्षिणेकडे कालीजाई बेटाच्या रोखाने निघते. अंतर सुमारे आठ किलोमीटर. ताशी चार-पाच किलोमीटर ही अशा नावेची साधारण चाल धरली, तर दोन तासांचा प्रवास.

वारा पाठीशी असताना शीड ही एक साधी भिंत असते. वारा तिला ढकलतो, ती नावेला ढकलते. यात विद्या अशी फारशी नाही. एक गोष्ट मात्र नवख्या माणसाच्या लक्षात येते. नाव वाऱ्याबरोबरच चालली असल्यामुळे नावेतील माणसाला वारा जवळजवळ लागतच नाही. शीड फुगलेले दिसते, पाणी मागे जाताना दिसते, आणि तरी विडी पेटविताना काडी विझत नाही. आवाज म्हणाल तर नावेच्या तळाखाली पाण्याची चुळचुळ, तेवढीच.

सूर्य वर येऊ लागतो तसतसे कालीजाईचे बेट स्पष्ट होते. लहानशी टेकडी, झाडी आणि तीत देवीचे मंदिर. मकरसंक्रांतीला येथे मोठी यात्रा भरते. मंदिरामागची कथा अवघ्या ओडिशाला पाठ आहे. बाणपूरकडील जाई नावाची एक मुलगी. तिचे लग्न सरोवरापलीकडील पारिकुद येथे ठरले होते, झाले होते. बाप तिला नावेतून सासरी पोहोचवावयास निघाला. भर पाण्यात वादळ उठले आणि नाव उलटली. बाप वाचला, नावाडी वाचले. जाई तेवढी सापडली नाही. पुढे त्या बाजूने जाणाऱ्या नावाड्यांना तिचा आवाज ऐकू येऊ लागला, आणि काली व जाई एक होऊन त्या बेटाची देवता झाली. गोदावरीश मिश्र या ओडिया कवींनी या कथेवर काव्य रचले, आणि ते शाळेशाळेतून पोहोचले.

कथा म्हणून ती करुण आहेच. पण तिच्यात नौकाशास्त्राचाही एक धडा आहे, आणि तो बहुधा निसटून जातो. पुरुषभर पाण्यात नाव बुडते कशी, असा प्रश्न शहरी माणूस विचारतो. उत्तर असे की, पाणी उथळ असल्यामुळेच ती बुडते. खोल समुद्रात वाऱ्याने उठलेली लाट लांब आणि गोलसर असते; नाव तिच्यावर चढते आणि उतरते. उथळ पाण्यात लाटेचा पाया तळाला घासतो. ती आखूड, उंच आणि उभी होते, एकीमागून दुसरी श्वास न घेता येते. सपाट तळाची नाव एका लाटेतून सावरण्यापूर्वीच दुसरी तिला थडकते. शिवाय येथे वाऱ्याला अडवावयास काहीच नाही. चाळीस-पन्नास किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून तो धावत येतो. म्हणून कालीजाईच्या समोरून जाताना नावाडी हात जोडतो, ते केवळ भाबडेपणाने नव्हे. त्याच्या हिशेबात ती जागा धोक्याची म्हणून नोंदलेली आहे, आणि पिढ्यान् पिढ्या चालत आलेली अशी नोंद ठेवण्याची त्याची पद्धत ही आहे.

कालीजाईहून नाव पूर्वेकडे वळते. आता उत्तरेचा वारा डाव्या बाजूने येतो. शीड आवळून तिरके धरावे लागते, आणि नावाडी शिडाची दोरी हातातच ठेवतो; ती कोठे बांधून टाकीत नाही. अचानक झोत आला तर दोरी तत्काळ सैल सोडता यावी यासाठी हे आहे. बांधलेली दोरी आणि झोपलेला नावाडी या दोन गोष्टी एकत्र आल्या की नाव उलटावयास तिसऱ्या कारणाची जरुरी पडत नाही. कणा नसल्यामुळे नाव पुढे जाते तशी उजवीकडेही सरकत असते. म्हणून ज्या ठिकाणी पोहोचावयाचे त्याच्या बरेच डावीकडे नाळ रोखून ठेवावी लागते. पाहुण्याला वाटते की नाव भलतीकडेच चालली आहे. दोन तासांनी ती नेमकी हव्या जागी येते.

या वाटेवर पाण्यातून उभे राहिलेले बांबूचे आणि जाळ्यांचे कुंपण जागोजागी आडवे येते. त्याचा इतिहास समजून घेण्याजोगा आहे. चिलिकेच्या काठी आणि बेटांवर कोळ्यांची शंभराहून अधिक गावे आहेत आणि दीड लाखाहून अधिक माणसे या पाण्यावर जगतात. केवट, खटिया, कंडरा अशा त्यांच्या जाती असून कोणी कोणत्या जाळ्याने, कोणत्या भागात आणि कोणत्या ऋतूत मासे धरावयाचे याचे जुने नियम होते. पावसाळ्यानंतर पाणी ओसरू लागले की बांबूच्या कामट्यांची लांबच लांब भिंत घालून आतील मासे हळूहळू गोळा करावयाचे, या पद्धतीला ‘जानो’ म्हणतात. ही भिंत हंगामापुरती असे. १९८० नंतर कोळंबीला परदेशी बाजारपेठेत सोन्याचा भाव आला आणि चित्र पालटले. जाळ्यांनी पाणी वेढून आत कोळंबी वाढविण्याचे ‘घेरी’ नावाचे प्रकार सुरू झाले; त्यांत मासेमारीशी पूर्वी संबंध नसलेले, परंतु पैसा आणि वजन असलेले लोक शिरले. एका मोठ्या उद्योगसमूहाचा कोळंबीचा प्रकल्प काठच्या लोकांच्या विरोधामुळे १९९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच सोडून द्यावा लागला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने चिलिकेच्या परिसरातील अशा कोळंबी-संवर्धनाविरुद्ध निर्णय दिला. तरीही घेरी राहिल्याच, आणि मे १९९९ मध्ये सोराणा या गावी पोलिसांच्या गोळीबारात चार माणसे मृत्युमुखी पडली. २०१७ साली ओडिशाच्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर घेरी उखडण्याची मोठी मोहीम निघाली. कायदा कागदावर करणे आणि तो पाण्यावर अमलात आणणे यांत फरक आहे. पाण्यावर हद्दीचा दगड रोवता येत नाही, आणि आज उखडलेला बांबू उद्या पुन्हा रोवता येतो.

दहा-साडेदहाच्या सुमारास वारा मंदावतो. जमीन आता तापू लागली आहे. पाण्याचे आणि तिचे तापमान सारखे होत आले, म्हणजे हवेला कोणीकडेच जाण्याचे कारण उरत नाही. शीड ओल्या धोतरासारखे लोंबते. पाणी आरशासारखे होते. नावाडी बांबू हाती घेतो, किंवा घेतही नाही. चुलीवर भात ठेवतो. हा रिकामा वेळ चिलिकेच्या पोटातले व्यवहार समजून घेण्यास सर्वांत चांगला.

येथे पाणी चाखून पाहिले तर ते समुद्राइतके खारट लागत नाही, आणि पिण्याजोगेही नसते. उत्तरेच्या टोकाला महानदीच्या दया, भार्गवी इत्यादी शाखा सरोवरात गोडे पाणी आणून सोडतात. पावसाळ्यात तो भाग जवळजवळ गोडा होतो. पूर्वेकडून समुद्राचे खारे पाणी एका लांब, वाकड्या नाळेतून आत येते. या दोहोंच्या मिश्रणाचे प्रमाण ऋतूप्रमाणे, जागेप्रमाणे, किंबहुना वाऱ्याप्रमाणेही बदलते. दक्षिणेचा जोरदार वारा काही दिवस वाहिला म्हणजे खारे पाणी उत्तरेकडे लोटले जाते आणि त्या काठाला पाणी चढते. मासळीचे जगणे या मिश्रणावर अवलंबून आहे. टायगर जातीची मोठी कोळंबी अंडी घालते समुद्रात. तिची पिले नाळेतून सरोवरात येतात, येथे वाढतात, आणि मोठी झाली की पुन्हा समुद्राकडे निघतात. कोकणात ज्यांना आपण बोई आणि जिताडा म्हणतो ते मासेही याच दारातून ये-जा करतात. म्हणजे ही नाळ हा सरोवराचा केवळ नळ नव्हे, ते त्याचे महाद्वार आहे.

या दाराची खोड अशी की ते एका जागी राहत नाही. ओडिशाच्या किनाऱ्यालगत लाटा वर्षभरात प्रचंड वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहून नेतात. ही वाळू मुखाच्या दक्षिण ओठावर साचते, मुख उत्तरेकडे ढकलले जाते, आणि सरोवर व समुद्र यांमधील नाळ वर्षानुवर्षे लांबत जाते. जितकी ती लांब, तितका भरती-ओहोटीचा जोर वाटेतच जिरतो; जितका जोर कमी, तितका गाळ अधिक. तिकडे नद्याही डोंगरातून आणि शेतांतून गाळ आणतच असतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस या दुहेरी माऱ्याने चिलिकेचा श्वास कोंडला. पाणी गोडे होत चालले, गोड्या पाण्यातील पाणवनस्पतींनी मोठमोठे पट्टे व्यापले, आणि मासळी घटली. १९८१ साली ज्या सरोवराचे नाव आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत भारतातर्फे पहिल्याच खेपेस गेले, त्याच सरोवराला १९९३ मध्ये धोक्यात आलेल्या पाणथळींच्या माँत्रो नोंदवहीत घालावे लागले.

उपाय सुचविणे सोपे होते: समुद्राला जवळचे दार पाडून द्यावे. पण कोठे? चुकीच्या जागी पाडलेले दार एका वर्षात बुजते, किंवा नको तितके रुंदावून पुळणच गिळते. हा प्रश्न ज्यांच्याकडे गेला त्यांत पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेतील अभियंते होते, आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञही होते. बंगालच्या उपसागराच्या काठच्या सरोवराचे भवितव्य मुठेच्या खोऱ्यात गणिताने आणि प्रतिकृतीने तपासले गेले, ही गोष्ट महाराष्ट्रातही फार थोड्यांना ठाऊक असेल. २३ सप्टेंबर २००० रोजी सिपाकुडा येथे पुळण कापून नवे मुख उघडण्यात आले. समुद्राची वाट सुमारे १८ किलोमीटरांनी कमी झाली. परिणाम इतक्या लवकर दिसला की खुद्द तज्ज्ञांनाही तो अपेक्षेपेक्षा सुखद वाटला असावा. १९९९-२००० साली मासळीचे उत्पन्न १,७०० टनांच्या आसपास होते. २००१-०२ मध्ये ते १२,००० टनांच्या जवळ गेले. २००२ साली चिलिकेचे नाव त्या धोक्याच्या नोंदवहीतून काढण्यात आले. आशियातील पाणथळींत असे प्रथमच घडले.

परंतु हा विषय कायमचा मिटला असे कोणी समजू नये. वाळू वाहावयाची थांबलेली नाही. मे २०१९ मधील फनी चक्रीवादळाने पुळणीत आणखी दारे पाडली. मुखाकडे लक्ष ठेवणे, गाळ मोजणे, प्रसंगी तो उपसणे हे काम दरवर्षीचे आहे. घराचे छप्पर शाकारण्यासारखे, कधीही न संपणारे. शासनातील कामांत अशा कामांना उद्घाटनाचा मान मिळत नाही, आणि म्हणूनच ती मागे पडण्याचे भय अधिक असते.

भात झाला, मासळीचे कालवण झाले, आणि नाव बांबूच्या रेट्याने नळबणाच्या कडेला येऊन लागली. नळबण हे बेट म्हणावे की नाही असा प्रश्न पडतो, कारण पावसाळ्यात ते संपूर्ण पाण्याखाली जाते. हिवाळ्यात वर येते ते चिखल आणि वेत-गवताची सपाटी घेऊन, आणि त्या चिखलावर उत्तरेकडून आलेल्या पक्ष्यांची वस्ती बसते. १९८७ पासून हे पक्षी-अभयारण्य आहे. आत पाय ठेवण्याची मनाई आहे, आणि ती योग्यच होय. शिडाच्या नावेचा लाभ येथे कळतो. तिचा आवाज नसल्यामुळे ती कडेला बरीच जवळ येईपर्यंत कोणी उठत नाही. तलवार बदकांचे थवे पाण्यावर काळ्या चटईसारखे पसरलेले. पलीकडे डोक्यावर दोन पट्टे असलेले कादंब. उथळ पाण्यात माना वाकवून चरणारे रोहित. तांबूस चक्रवाक जोडीजोडीने बसलेले असतात. रात्र पडताच ही जोडी विरहाने व्याकुळ होते असे संस्कृत कवी सांगत आले. ते पक्षी मध्य आशियाच्या आणि हिमालयापलीकडच्या पठारांवरून येथवर एकत्र उडत येतात, हे त्या कवींना ठाऊक असते तर त्यांनी विरहाचा काही निराळा हिशेब मांडला असता. चांगल्या हिवाळ्यात सबंध सरोवरावर अशा पाहुण्यांची गणना दहा लाखांच्या आसपास जाते. माघ संपता संपता त्यांतील पुष्कळ परतीच्या तयारीत असतात.

दीड-दोनच्या सुमारास आग्नेयेकडे पाण्याचा रंग पालटतो. दूरवर एक गडद निळी पट्टी उमटते आणि जवळ येऊ लागते. ती वाऱ्याने उठलेली बारीक सुरकुती असते. जमीन तापून तिच्यावरची हवा वर गेली आहे, आणि तिची जागा घ्यावयास समुद्रावरून खारा वारा निघाला आहे. नावाडी पट्टी दिसताच उठतो. वारा पोहोचण्यापूर्वी शीड चढलेले असते, आणि नाळ वायव्येकडे, बालुगावाच्या दिशेने फिरलेली असते. ज्या वाऱ्याने सकाळी आणले त्याने नव्हे, तर त्याच्या उलट वाऱ्याने घरी जावयाचे, असा हा एका दिवसाचा फेरा.

नाव वळताना पाठीमागे, दक्षिण-क्षितिजावर, जमिनीची एक बारीक रेघ दिसते. ती पारिकुद आणि मालुद यांची. त्यापलीकडे समुद्र. मराठी माणसाने त्या रेघेकडे क्षणभर थांबून पाहावे. १७५१ मध्ये अलिवर्दीखानाशी झालेल्या तहानंतर ओडिशा नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला आणि बावन्न वर्षे राहिला. दक्षिणेकडील गंजम मात्र इंग्रजांकडे गेले होते. त्यामुळे चिलिका ही मराठी राज्याची सरहद्द झाली. सप्टेंबर १८०३ मध्ये कर्नल हारकोर्टची फौज गंजमहून निघाली ती सरोवर आणि समुद्र यांमधील याच वाळूच्या अरुंद पट्ट्यावरून. मालुदचा फत्ते महंमद याने तिला वाट दाखविली व पुढे त्याबद्दल इनाम मिळविले. माणिकपटणा येथे, नाळेच्या काठी, मराठ्यांचे ठाणे होते. उजवीकडे समुद्र, डावीकडे सरोवर आणि समोर ओलांडावयाचे पाणी. मूठभर निश्चयी माणसांनी मोठ्या फौजेला अडवावे अशी ही जागा. पण तेथे फारसा प्रतिकार झालाच नाही. पुरी गेली, ऑक्टोबरात कटकचा बाराबाटी किल्ला पडला, आणि डिसेंबरात देवगावच्या तहाने ओडिशा इंग्रजांना मिळाला. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत १८०३ म्हटले की असई आणि गाविलगड यांची वर्णने येतात. असईची लढाई २३ सप्टेंबरला झाली. पुरी त्यापूर्वीच हातची गेली होती. नागपूरचे लक्ष पश्चिमेकडे गुंतले असताना पूर्वेचे दार वाळूवरून उघडले गेले.

परतीचा वारा सकाळच्या मतलईपेक्षा जोरकस असतो. नाव आता ताशी सहा-सात किलोमीटरांनी पळते, मागच्या बाजूला पाणी उसळते, आणि नावाडी प्रथमच दोन्ही हातांनी वल्हे धरतो. माघात त्याला फार भिण्याचे कारण नसते. चैत्र-वैशाखात मात्र दुपारी तो वारंवार वायव्येकडे, घाटाच्या माथ्याकडे पाहत राहतो. तेथे काळा ढग उभा राहिला की ते कालवैशाखीचे लक्षण. खारा वारा एकाएकी पडतो, काही मिनिटे सगळे स्तब्ध होते, आणि मग नेमके उलट दिशेने वादळ कोसळते. ढग दिसताच शीड खाली घ्यावयाचे आणि जवळच्या बेटाची किंवा गवताच्या पट्ट्याची आडोशाची बाजू गाठावयाची, हा नियम. तो मोडून वेळ वाचविणाऱ्यांच्या कथा काठच्या प्रत्येक गावात आहेत.

अशा वेळी यंत्राची नाव शेजारून फटफटत निघून जाते. तिच्यातील माणसे तासाभरात घरी पोहोचतील. बहुतेक देशी नावांना आता यंत्रे लागली आहेत आणि ते साहजिक आहे. वाऱ्याची वाट पाहात मासळी नासविणे कोणत्याच कोळ्याला परवडणारे नाही. शीड जपा असे त्याला सांगण्याचा अधिकार सहलीला आलेल्या माणसाला नाही. तरी यंत्राचा खर्च केवळ तेलाचा नसतो. सातपाडा भागात, नाळेच्या तोंडाशी, इरावती जातीचे दीडशेच्या आसपास डॉल्फिन राहतात. भारतात त्यांची सर्वांत मोठी वस्ती हीच. त्यांना पाहावयास जाणाऱ्या नावांच्या पात्यांनीच त्यांतील काही जखमी झाले आहेत. तेथे नावांनी किती अंतर राखावे याचे नियम आहेत. ते पाळले जातात की नाही, हे नावेतील प्रवासी नावाड्याला ‘आणखी जवळ घे’ म्हणतात की ‘येथेच थांब’ म्हणतात यावर पुष्कळसे ठरते.

संध्याकाळी बालुगावचे दिवे दिसू लागतात. काठापासून काही अंतरावर पाणी इतके कमी होते की वल्हे तळाला घासू लागते. शीड उतरवून बांबूभोवती गुंडाळले जाते. नावाडी उभा राहून बांबू रोवतो, रेटतो, उपसतो, पुन्हा रोवतो. प्रत्येक वेळी वर येणाऱ्या बांबूच्या टोकाला काळा मऊ गाळ लागलेला असतो, आणि तो पाण्यात झटकून तो किती आहे हे अंधारातही एकवार पाहून घेतो.